शिक्षेची कठोरता आणि घराचे दार : ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’च्या प्रकाशात एक चिकित्सा

प्रस्तावना :

स्त्रीवरील अत्याचाराची एखादी घटना समाजमन हादरवून जाते, तेव्हा पहिली मागणी शिक्षा अधिक कठोर करण्याची असते. तीन वर्षांची कैद अपुरी वाटते, मग सात वर्षे, मग जन्मठेप आणि अखेरीस फाशी. शिक्षा जितकी मोठी तितकी पीडित स्त्री अधिक सुरक्षित, हे गृहीतक या मागणीच्या मुळाशी असते. कौटुंबिक हिंसाचाराच्या बाबतीत हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी मराठीत एक जुना आणि समर्थ ग्रंथ उपलब्ध आहे. रिसोड तालुक्याला लागून असलेल्या बुलडाणा जिल्ह्याच्या ताराबाई शिंदे यांनी लिहिलेला ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशात आणल्यानंतर स्त्रीवादी विचाराचा आरंभग्रंथ म्हणून त्याची चर्चा झाली. मात्र हा निबंध एका कठोर शिक्षेच्या निमित्ताने जन्माला आला, या वस्तुस्थितीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने ‘स्त्रीपुरुष तुलना’चे वाचन करून १९८३ नंतरच्या कायद्यांचे परिणाम तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

‘स्त्रीपुरुष तुलना’ : शिक्षेच्या पलीकडचा प्रश्न

१८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात अपत्याच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे अपिलात ती सौम्य झाली. या खटल्याच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर टीका केली. त्या टीकेने ताराबाईंच्या हाती लेखणी दिली.

ताराबाई बालहत्येचे समर्थन करीत नाहीत. त्या वाचकाची नजर आरोपीच्या पिंजऱ्याकडून घराकडे वळवितात. पुनर्विवाहाची बंदी कोणी घातली? विधवेला फसविणारा पुरुष कोठे आहे? जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात, ते पुरुषात नाहीत काय? अशा प्रश्नांच्या सरबत्तीतून त्यांचा युक्तिवाद उभा राहतो. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या तत्कालीन कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचाही त्या समाचार घेतात. कारण न्यायासनासमोर उभ्या राहणाऱ्या स्त्रीची प्रतिमा आधी वाङ्मयात आणि वृत्तपत्रांत घडते, हे त्यांनी ओळखले होते. वऱ्हाडी घरातली बोली, उपरोध आणि संताप यांनी भरलेली त्यांची शैली विस्कळीत वाटते खरी. पण विषयाचा धागा सुटत नाही. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून या ग्रंथाची पाठराखण केली, ती त्याचे मोल जाणूनच.

भारतीय दंड संहिता १८६२ पासून अमलात होती आणि तिच्यात हत्येला फाशी अथवा जन्मठेप हीच शिक्षा होती. याहून कठोर शिक्षा असू शकत नाही. तरीही विधवांच्या हातून बालहत्या घडतच राहिल्या, कारण गुन्ह्याच्या क्षणी त्या स्त्रीसमोर दुसरी वाट नव्हती. ती वाट जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून दाखविली. जोतीरावांच्या १८८४ च्या नोंदीनुसार तेथे पस्तीस विधवा बाळंत झाल्या. फासाच्या भीतीने जे साधले नव्हते, ते एका उघड्या दाराने निदान काही जणींपुरते साधले. ताराबाईंचा निबंध आणि फुले यांचे गृह एकत्र ठेवून पाहिले असता एक कसोटी हाती येते : कोणत्याही दंडविधानाची परीक्षा करताना, ते संकटातील स्त्रीसमोर कोणते दार उघडते, हे पाहिले पाहिजे.

१९८३ नंतरचे दंडविधान : लाभ आणि मर्यादा

या कसोटीवर पहिला विचार कलम ४९८-अ चा करावा लागतो. हुंडाबळींविरुद्धच्या देशव्यापी आंदोलनानंतर डिसेंबर १९८३ मध्ये हे कलम दंड संहितेत आले. पती किंवा त्याच्या नातेवाइकांच्या क्रौर्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा त्यात आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. १९८६ मध्ये कलम ३०४-ब ने हुंडाबळीला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठरविली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ८०, ८५ व ८६ मध्ये हीच रचना कायम आहे.

या कायद्यांचे ऐतिहासिक महत्त्व नाकारता येणार नाही. नवऱ्याची मारहाण ही घरातली बाब, तिच्यात पोलिसांचे काय काम, या समजुतीला कलम ४९८-अ ने पहिला तडा दिला. शिव्या, उपासमार, मानसिक छळ हेही क्रौर्यच, हे कायद्याने मान्य केले.

अडचण त्यानंतर सुरू होते. चोरीच्या गुन्ह्यात फिर्यादी आणि आरोपी यांची घरे वेगळी असतात. येथे आरोपी हाच घराचा कर्ता असतो. तक्रार नोंदविताच स्त्रीचे छप्पर, मुलांची शाळा, महिन्याचे धान्य यांवर गदा येते. माहेरी किती दिवस राहावयाचे, हा प्रश्न उरतोच. अटकेनंतर परतीची वाट बहुधा बंद होते. म्हणजे पतीला होणाऱ्या शिक्षेचा पहिला हप्ता बऱ्याचदा पत्नीच भरते, आणि शिक्षा जितकी जड तितका हा हप्ता वाढत जातो.

कायद्याने दिलेली साधनेही तिच्या परिस्थितीशी जुळत नाहीत. कलम ४९८-अ चा गुन्हा केंद्रीय फौजदारी प्रक्रिया कायद्यातील तडजोडपात्र गुन्ह्यांच्या यादीत नव्हता. उभय पक्षांत समेट झाला तर उच्च न्यायालय असा खटला रद्द करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने बी. एस. जोशी खटल्यात २००३ मध्ये स्पष्ट केले. रिसोड परिसरातील कुटुंबासाठी उच्च न्यायालय म्हणजे अडीचशे किलोमीटरांहून दूर असलेले नागपूर खंडपीठ. वकील, प्रवास, बुडालेली मजुरी हा सारा खर्च कोण करणार? मग साक्ष फिरविणे हीच सोपी तडजोड ठरते. साक्षीदार फितूर होतो, आरोपी सुटतो आणि कायद्याचा गैरवापर झाला असा निष्कर्ष काढला जातो. तक्रारी खोट्या नसतातच असे म्हणता येणार नाही. परंतु निर्दोष सुटकेवरून तक्रार खोटी ठरविणे तर्कदुष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने अर्नेशकुमार खटल्यात २०१४ मध्ये सरसकट अटकेला आळा घातला. स्वातंत्र्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. मात्र आरोपी बाहेर असताना तक्रारदार स्त्री कोठे राहील, याचे उत्तर त्यात नाही. ते दंडविधानाच्या आवाक्यातही नाही.

मुंबईच्या विधिज्ञ फ्लेव्हिया अॅग्नेस यांनी १९९२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त १९८० ते १९८९ या दशकातील कायद्यांचा आढावा घेताना हेच दाखवून दिले होते. प्रत्येक आंदोलनानंतर शासनाने कायदा कडक केला, पण स्त्रीला हक्क देण्याचे काम मागे राहिले, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

वाढती शिक्षा आणि टिकून राहिलेले मौन

पुढील काळात शिक्षेची चढती कमान थांबली नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी २०१२ च्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने किमान शिक्षा वाढविण्यात आल्या आणि गंभीर स्वरूपाच्या अत्याचारासाठी फाशीची तरतूद झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये ‘शक्ती’ विधेयक संमत करून बलात्काराच्या गंभीर प्रकरणांत फाशी सुचविली. ते अमलात आले नाही. अत्याचारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीची, अनेकदा घरातीलच असते. आपल्या एका शब्दाने घरातला माणूस फासावर जाईल, हे ओझे मुलीवर किंवा तिच्या आईवर टाकले तर बोलणे सोपे होईल की कठीण? न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे देशपातळीवरील आकडे या संदर्भात बोलके आहेत. शारीरिक अथवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे २४ टक्के होते. २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन्ही फेऱ्यांत ते सुमारे १४ टक्के आढळले. २०१९-२१ मध्ये सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही व कोणाला सांगितलेही नाही. ही घट कडक कायद्यांमुळेच झाली असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण शिक्षा वाढल्याने स्त्रिया बोलू लागतात, हे गृहीतकही त्यांतून टिकत नाही.

उघडणारे दार

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याने क्रम बदलला. सामायिक घरात राहण्याचा हक्क, संरक्षण आदेश, आर्थिक साहाय्य, मुलांचा तात्पुरता ताबा ही मदत आधी. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही शिक्षा नंतर. शिक्षा येथे सौम्य आहे. परंतु स्त्रीला घर गमावण्याची अट घातलेली नाही. ताराबाईंच्या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे सर्वांत जवळचे उत्तर होय.

महाराष्ट्रात याची पूर्वपीठिका होती. टाटा सामाजिक विज्ञान संस्था व मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये पोलीस यंत्रणेतच महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला. वर्दीशेजारी प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसली आणि गुन्हा नोंदविणे व निमूट परत जाणे यांच्यामध्ये एक तिसरी शक्यता निर्माण झाली. दुर्दैवाने नव्या कायद्याला असे बळ त्वरित मिळाले नाही. संरक्षण अधिकाऱ्याचे काम राज्यात आरंभी इतर खात्यांतील अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपविण्यात आले. अर्जावर साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, ही तरतूदही न्यायालयांवरील भारापुढे दुबळी पडते. शिक्षा वाढविण्यास विधिमंडळाचे एक अधिवेशन पुरते. निवारा, अधिकारी आणि निर्वाहभत्त्याची वसुली यांना दरवर्षी पैसा लागतो. कठोर शिक्षेची लोकप्रियता या हिशोबातही दडलेली आहे.

निष्कर्ष :

१. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा ग्रंथ शिक्षेच्या न्यायापेक्षा गुन्हा घडविणाऱ्या परिस्थितीच्या न्यायाचा आग्रह धरतो. आजच्या कायद्यांच्या चिकित्सेसाठी ही दृष्टी उपयुक्त आहे.

२. कलम ४९८-अ व ३०४-ब यांनी घरातील हिंसेला गुन्ह्याचा दर्जा दिला. हे कार्य आवश्यक होते व आहे. जीव घेणाऱ्या हिंसेला शिक्षा झालीच पाहिजे.

३. तथापि आरोपीवरच स्त्रीचा निर्वाह अवलंबून असताना शिक्षेची वाढ तक्रारीची किंमत वाढविते. त्यामुळे शिक्षेच्या लांबीपेक्षा मदतीची खात्री व तत्परता महत्त्वाची ठरते.

४. पूर्णवेळ संरक्षण अधिकारी, तालुकास्तरावर निवारा आणि निर्वाहभत्त्याची नियमित वसुली यांशिवाय कडक कायदा हा समाजाच्या संतापाचे समाधान ठरेल, स्त्रीच्या सुरक्षिततेचे साधन ठरणार नाही.

सुरतेच्या खटल्यात न्यायालयाने काय शिक्षा द्यावी, यावर त्या काळी पुष्कळ चर्चा झाली. त्या विधवेला गरोदरपणात कोणत्या घरात आसरा मिळाला असता, हा प्रश्न विचारणारे थोडे होते. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात रात्री मुलाला कडेवर घेऊन आलेल्या स्त्रीला, ‘आज रात्री राहणार कोठे?’ असे प्रथम कोण विचारणार आणि त्याचे उत्तर कोणाजवळ असणार, यावरच कायद्याचे यश अवलंबून राहील.