वाळका कांदा : एक रसग्रहण

मराठीचा मास्तर म्हणून पस्तीस वर्षं मी पोरांकडून कवितांची रसग्रहणं लिहून घेतली. आशय, भाषा, आवडण्याचं कारण. प्रत्येकी दोन गुण. निवृत्तीनंतर तपासायला वह्या उरल्या नाहीत, तेव्हा नजर स्वयंपाकघराकडे वळली. आणि ज्यात रस नावालाही शिल्लक नाही, नेमक्या अशाच वस्तूचं रसग्रहण करण्याचा योग आला. ती वस्तू म्हणजे वाळवलेला कांदा.

आम्ही राजूरला राहतो. गणपतीचं राजूर ते जालन्याकडचं. आमचं अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं. इथला पाऊस म्हणजे जावयाचा भाऊ. एकदा आला की उठायचं नाव घेत नाही. त्या ओलीत पोत्यातला कांदा एकतर कोंब काढतो, नाहीतर सडतो. अशाच एका आषाढात शेजारच्या आजी आमच्या हिला म्हणाल्या, “हाताला आता विळी पेलत नाही गं. कांदा चिरायचा म्हणून कालवणच करीत नाही मी. दूध-भाकरी खाते.”

ही म्हणाली, “मी रोज चिरून देत जाईन की!” पण रोज उठून कुणाच्या दारात वाटी घेऊन उभं राहायचं, हे आजींना विळीपेक्षा जड. त्यांनी विषय पावसावर नेला.

मग मी शोधाला लागलो. वाण्याकडे कांद्याची पावडर मागितली. त्याने शांतपणे कांद्याच्या पोत्याकडे बोट दाखवलं. “गुरुजी, हे वाळवा.” शेवटी संगमनेरहून एक पाकीट पैदा केलं.

आता परीक्षण. आशय : आत एक ढेकूळ. वाळक्या कांद्याला हवेतली ओल ओढून घ्यायची खोडच असते. खलबत्त्यात फोडावं लागलं. भाषा : तापल्या तेलात चमचाभर टाकली, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत काळी आणि कडू. हा दोष मात्र परीक्षकाचा. पावडर फोडणीत घालायची नसते; रश्शात पाणी पडल्यावर घालावी, नाहीतर थालीपिठाच्या पिठात मळावी. दुसऱ्या खेपेला तसं केलं. वास आला, पण कांदा शेजारच्या घरात शिजत असल्यासारखा. दोनपैकी अर्धा गुण.

पुढच्या वैशाखात मीच पाच किलो उन्हाळ कांदा घेऊन बसलो. कांदा चिरताना त्याच्या पेशी फुटतात, आतल्या विकराची आणि गंधकाच्या द्रव्यांची गाठ पडते, आणि डोळ्यांना झोंबणारा वायू निघतो. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी रडलो. पातळ काप गच्चीवर धुतलेल्या धोतरावर पसरले, वर हिच्या जुन्या साडीचं पातळ फडकं. संध्याकाळी सगळं घरात, सकाळी पुन्हा उन्हात. तिसऱ्या दिवशी वळीव आला. धोतराची चार टोकं धरून आम्ही दोघं जिन्यातून जे धावलो, ते लग्नातल्या सप्तपदीतही इतके एकोप्याने चाललो नव्हतो.

सहाव्या दिवशी काप बोटांत कट्‌कन मोडला. झाला, म्हणायचं. न मोडता वाकला तर आत ओल आहे. असा कांदा बरणीत भरला की बुरशी आलीच. तागडीत घातला तर जेमतेम अर्धा किलो! कांद्यात आठातले सात भाग पाणीच असतं. मला माझं पेन्शन आठवलं.

पण त्या अर्ध्या किलोत कांद्याचा गोडवा सगळा होता. झोंबणारा अंश बराचसा उडून जातो, साखर मागे राहते. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून, पिळून परतला, तर पिठलं बिनतक्रार होतं. कोरडाच मंद आचेवर भाजून सुक्या खोबऱ्याबरोबर वाटला, तर काळा मसाला. रंग पालटायला लागला की उतरवायचा, कारण उतरवल्यावरही तो तव्याच्या तापाने भाजत राहतो. ओल्या कांद्याची चव त्याला नाही, हे खरं. पण ती त्याच्याकडे मागणं म्हणजे मनुकेला तू द्राक्ष का नाहीस म्हणून नापास करणं. पाकिटावर माझा राग होता तो यासाठीच. ते कांद्याची जागा घ्यायला निघालं होतं. १९९८ साली कांदा कडाडला आणि दिल्लीतलं सरकार निवडणुकीत आडवं झालं. कांद्याच्या जागेवर असं कुणी सहज बसत नाही.

मिरगाच्या आधी आजींना एक घट्ट झाकणाची बरणी भरून दिली. वाटी रोजची असते. बरणी एकदाच घ्यायची असते. त्यांनी घेतली. आषाढात एका संध्याकाळी त्यांच्या घरातून फोडणीचा चर्र आवाज आला. ही पोळी लाटायची थांबली. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

भाद्रपदात बरणी परत आली. रिकामी कशी येईल? आत नागलीचे पापड होते. मी परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखा विचारलं, “कसा होता?”

“झकास,” आजी म्हणाल्या. “पण गुरुजी, यंदा जरा पातळ चिरा. तुमचे जाड काप भिजेस्तोवर मला दुसऱ्यांदा भूक लागते.”

एक गुण कापला. उरलेले मी पापडासकट ठेवून घेतले.