'स्मृतिचित्रे' : ध्येय एकाचं, संसार दोघांचा

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी निदान शाळेतल्या धड्यापुरतं तरी वाचलं असेल. १९३४ पासून ते चार भागांत आलं. विनोदी, मोकळं, घरगुती असं त्याचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण आज मला एक वेगळा प्रश्न विचारायचाय. सेवेत आयुष्याचं ध्येय सापडतं, असं आपण म्हणतो. ते सापडतं कसं, आणि त्याची झळ कोण सोसतं?

नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगायला सोपी आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना 'नवा करार' दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरला धर्मशिक्षण, भजनं, कीर्तनं, लोकांची सेवा.

आता लक्ष्मीबाईंकडे बघा. त्यांना गाडीत कुणीच भेटलं नाही. नवऱ्यानं त्यांना न सांगता धर्म बदलला, आणि त्यांच्या वाट्याला काही वर्षांचा वियोग आला. पुन्हा एकत्र आल्या तरी सोवळं कायम, स्वयंपाक वेगळा. मग त्यांच्या मनात विचार आला, की हे जातिभेद देवानं केले की माणसानं? उत्तर त्यांचं त्यांनीच शोधलं, आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. माझ्या मते पुस्तकाचा कणा इथं आहे. नवऱ्यामागून बायको गेली, असं जे सरसकट सांगितलं जातं, ते हे पुस्तक नीट वाचलं तर टिकत नाही.

आणखी एक. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. बाहेर सेवा चालू असताना घरातली चूल पेटवायची काळजी बाईंची. हे त्या हसत हसत सांगतात. आपणही हसतो, आणि हसण्याच्या भरात त्यामागचे कष्ट विसरतो. पुस्तकाच्या गोडव्याचा हा एक तोटाच म्हणायला हवा. रागाच्या जागीही बाई विनोद करतात, त्यामुळे टिळकांना जाब विचारायचा राहूनच जातो.

पण मग त्यांना स्वतःचं काम कुठं सापडलं? तर घरातच. दुसऱ्यांची मुलं त्यांच्याकडे राहिली, वाढली. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याकडे राहिले, त्यांच्यावर बाईंनी आईसारखी माया केली. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, म्हणून ती माया कमी झाली नाही. सेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष, असं मानणाऱ्यांनी ही पानं जरूर वाचावीत. आणि सेवा म्हणजे माणसं मोजणं, असं मानणाऱ्यांनीही.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ज्या बाईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तिनं ते महाकाव्य हाती घेतलं आणि त्याचे बहुतेक अध्याय लिहिले. आता हे नवऱ्याचं राहिलेलं काम होतं, की तिचं स्वतःचं? मला वाटतं, तोवर ते तिचं झालं होतं. तुम्हाला तसं वाटतं का, ते मात्र पुस्तक पुन्हा वाचून ठरवा.