वलयाकार आरएनए : स्पंजाची उपमा कितपत खरी?

उरणला शिक्षकांशी बोलताना प्रश्न आला, ‘वलयाकार आरएनए म्हणजे पेशीतला स्पंजच ना?’ लेखांतून रुजलेली ही उपमा अपुरी आहे. २०१३ साली मेंदूतील एका वलयावर ‘मिआर-७’ या सूक्ष्म आरएनएला धरणाऱ्या ७० हून अधिक जागा आढळल्या. तेथून ती रूढ झाली. बहुतेक वलयांवर अशा जागा मोजक्याच असतात. शिवाय २०१७ साली ते वलय काढलेल्या उंदरांच्या मेंदूत मिआर-७ उलट घटला, वर्तनातही दोष दिसला. म्हणजे वलय नुसते शोषत नाही, जपतेही.

टोके नसल्याने, टोकापासून कुरतडणाऱ्या विकरांपुढे वलये टिकतात. म्हणून रोगनिदानासाठी ती तपासली जातात. पण कर्करोगात प्रमाण बदलले, एवढ्यावरून ती रोगाचे कारण ठरत नाहीत. वर्गात कागदी पट्टीची टोके चिकटवून वलय जरूर दाखवावे. स्पंज मात्र जपून वापरावा.