आईचा आवाज की आईचा मेसेज?

"मेसेज नको, फोन करा, विज्ञान सांगतं" असं एखादं फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेलं असेल. (गंमत म्हणजे तेही मेसेजनेच येतं.) या दाव्याला आधार देणारा एक शोधनिबंध आज जरा उघडून बघू.

लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. साधारण साडेसात ते बारा वर्षांच्या ६८ मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावलं. घाम फुटणारच! मग काही मुली आईला प्रत्यक्ष भेटल्या, काही फोनवर बोलल्या, काहींनी आईशी चॅट केलं आणि उरलेल्या एकट्या बसल्या. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, आणि लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. प्रत्यक्ष भेट आणि फोन, दोन्हींनी कॉर्टिसॉल उतरलं, ऑक्सिटोसिन वाढलं. चॅट करणाऱ्या मुलींचे आकडे मात्र एकट्या बसलेल्यांसारखेच निघाले.

प्रयोगाची मांडणी मला आवडते. चारही गटांना एकच ताण आणि आधाराचं माणूसही एकच, आई. बदललं ते फक्त माध्यम. पण ६८ भागिले चार केलं की एका गटात जेमतेम सतरा मुली उरतात. शिवाय लघवीतल्या ऑक्सिटोसिनवरून मेंदूत काय चाललंय हे कितपत कळतं, यावर अजून वाद आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही इथे थोडं थबकावंसं वाटेल.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या प्रयोगात मोजलाय तो दिलासा, तोही ताण बसल्यावर लगेचचा. फॉरवर्ड करणारे त्यालाच 'नातं' म्हणून मोकळे होतात. आमच्या नौपाड्यात लोकलने मुंबईला जाणाऱ्या मुलाचा "पोचलो" एवढाच मेसेज येतो. तो टाइप करताना त्याचं ऑक्सिटोसिन बहुधा जागचं हलतही नसेल. पण तो वाचून घरी आई निवांत होते, त्याचं काय? सेल्ट्झर यांचा निष्कर्ष मुलींच्या आकड्यांवर उभा आहे. पलीकडच्या टोकाला काय होतं, हा प्रश्नच त्यात नाही.

त्या एका शब्दाची किंमत २६ जुलै २००५ ला कळली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल जागच्या जागी थांबल्या, फोन लागेनात. माणसं दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत घरी आली. त्या रात्री कुणाला आवाजाची ऊब नको होती, नुसतं "आहे" एवढं कळलं असतं तरी पुष्कळ होतं.

जॉन बोल्बी यांच्या जिव्हाळ्याच्या सिद्धांतात मूल आईपासून लांब जाऊन खेळू शकतं, कारण हाक मारली तर ती येईल याची त्याला खात्री असते. म्हणजे गाठ पक्की असेल तर मधली शांतता चालते. आणि नेमकी हीच शांतता व्हॉट्सॲपने अवघड करून ठेवलीय. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिका आल्या. त्याआधी उत्तर आलं नाही तर "वाचलं नसेल" म्हणायची सोय होती, आणि पत्रांच्या काळात तर सगळा दोष टपालखात्यावर ढकलता यायचा! आता वाचल्याची वेळसुद्धा दिसते, मग मन नसती गणितं मांडत बसतं. या शंकेचं मोजमाप करणारा प्रयोग मला जास्त वाचायला आवडेल.

तोवर सेल्ट्झर यांचा निबंध वापरायचा तर त्याच्या मापातच वापरा. इथल्या कितीतरी घरांत दोघंच राहतात आणि मुलं न्यू जर्सीत. उन्हाळ्यात तिथले रात्रीचे दहा म्हणजे आपले सकाळचे साडेसात. बाबांचा बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असेल त्या दिवशी हात जोडलेला इमोजी पाठवू नका, फोन लावा. एरवी रोजचं "जेवलात का?" मेसेजवर विचारलंत तरी चालेल.