विषय 'त्याग', शब्दमर्यादा हजार

(कापूरहोळ इथं कथालेखन स्पर्धेच्या बक्षीस समारंभात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

बक्षिसं वाटून झाली आहेत, चहा यायचा आहे. तेवढ्या वेळात मी बोलून घेतो. बोलायचंय ते स्पर्धकांबद्दल कमी आणि आमच्याबद्दल जास्त. आमच्याबद्दल म्हणजे विषय देणाऱ्या आणि गुण देणाऱ्या माणसांबद्दल.

काही वर्षांपूर्वी मी एका कथास्पर्धेचा परीक्षक होतो. विषय होता 'त्याग'. गठ्ठा वाचायला घेतला आणि पाचव्या-सहाव्या कथेपासून शेवट आधीच कळायला लागला. आईनं दागिने मोडले, बापानं रान विकलं, जवान सीमेवर गेला. आणि शेवटची ओळ ठरलेली, की यालाच म्हणतात त्याग.

एक कथा मात्र वेगळी होती. एका मुलाचा थोरला भाऊ शाळा सोडून हायवेवरच्या हॉटेलात कामाला लागतो. त्याच्या पगारावर हा शिकतो. एकदा कॉलेजची सहल नेमकी त्याच हॉटेलात थांबते. दादा टेबल पुसायला येतो आणि हा मान खाली घालून मिसळ खात राहतो. ओळख दाखवत नाही. दादाही दाखवत नाही. पाण्याचा ग्लास ठेवतो आणि पुढच्या टेबलाकडं जातो. संपली कथा.

'त्याग' हा शब्द त्यात एकदाही नव्हता. आमच्या गुणपत्रिकेत 'विषयाशी सुसंगती' असा रकाना होता. आम्ही तिघांनीही तिथं त्या कथेचे गुण कापले. बक्षीस दागिने मोडणाऱ्या आईला गेलं. निकाल लागला, आम्ही घरी गेलो. त्या मुलानं पुढं काही लिहिलं की नाही, मला माहीत नाही.

आता मागं वळून बघताना वाटतं, विषयावर होती ती तीच एक कथा. बाकीच्यांनी त्यागाचं कौतुक केलं. यानं विचारलं, की दुसऱ्याच्या त्यागावर जो उभा राहतो, त्याचं काय होतं? तत्त्वज्ञानाचा प्रश्न तो हा. आणि आम्हाला तो दिसला नाही, कारण आम्ही कथेत उत्तर शोधत होतो.

मग तत्त्वज्ञानाचे विषय देऊच नयेत का? तसं मी म्हणत नाही. जी. ए. कुलकर्णींची 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' ही कथा आठवा. स्वातंत्र्य म्हणजे काय, हाच प्रश्न आहे तिथं. पण वाचून झाल्यावर आपल्या डोक्यात राहतो तो मठाच्या भुयारात कोंडलेला माणूस आणि त्यानं वाढवलेली एक वेल. विचार त्या वेलीतून वर येतो. आपल्या स्पर्धांत उलटं होतं. विचार आधी फळ्यावर लिहिला जातो आणि मुलं त्याला माणसं चिकटवतात.

ही सवय निबंधातून आली असावी. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा २५० गुणांचा पेपर असतो आणि त्यात हल्ली सुविचारासारख्या ओळी विषय म्हणून येतात. तिथं ते चालतं. निबंधात बाजू मांडायची असते, मुद्दे बांधायचे असतात. कथेला बाजू मांडायची नसते. ती एका माणसाला अडचणीत टाकते आणि तो काय करतो ते बघत बसते.

कुणी म्हणेल, विषय दिला की लेखकाचे हात बांधले. मला हे पटत नाही. आपल्याकडं समस्यापूर्ती होतीच की. भोजराजा आणि कालिदासाची ती दंतकथा आहे ना, राजानं समस्या दिली ती नुसत्या ठणठणाटाची. अर्थ काहीच नाही. कवीनं त्यातून जिना उभा केला, बाई उभी केली, तिच्या हातून निसटून पायऱ्यांवरून गडगडत गेलेली घागर उभी केली. विषय अपुरा होता, म्हणून जागा मिळाली. मुंबईत 'अस्तित्व'ची 'कल्पना एक, आविष्कार अनेक' ही एकांकिका स्पर्धा होते. नावातच सगळं आलं. सगळ्यांना एकच कल्पना, आणि त्यावर प्रत्येकानं आपलं नाटक लिहायचं. गंमत असते ती वाटा कुठं फुटल्या हे बघण्यात. सगळे एकाच मुक्कामाला पोचले, तर समजायचं की विषय देतानाच काहीतरी चुकलंय.

आता आपल्याच गावात या. १४ मे १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई आजारी होत्या. बाळाला दूध पाजायला गेली ती आपल्या कापूरहोळची धाराऊ, गाडे पाटलांच्या घरची. ही गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ आहे. या गावात 'मातृत्व' असा विषय दिला, तर काय येईल? महान माता, थोर माउली. सगळं खरं, आणि सगळं वाचलेलं.

पण विषय असा द्या: धाराऊ गडावर निघाली, त्या संध्याकाळी तिच्या घरात काय झालं?

बघा, बाईला दूध येतं म्हणजे घरात तिचं स्वतःचं तान्हं असणार. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी पुढं संभाजीराजांच्या पदरी राहिले, असं सांगतात. पण त्या संध्याकाळी ते तान्हं कुठं होतं? सोबत नेलं? की सासूच्या मांडीवर ठेवलं? मानाचं बोलावणं आलं, पण नाही म्हणायची सोय तिला होती का? दूध कुणाच्या वाटचं? कर्तव्य, माया, सत्ता, तिन्ही आले की नाही? आणि मी यातला एकही शब्द विषयात वापरलेला नाही.

यातही धोका आहेच. परीक्षक आमच्यासारखे असतील, तर याही विषयावर जयजयकारालाच गुण मिळतील. म्हणून संयोजकांना दोन विनंत्या. विषय देण्याआधी तो स्वतःला विचारून बघा. उत्तर लगेच तोंडात आलं, तर तो विषय भिंतीवर लावा, स्पर्धेला देऊ नका. आणि गुणपत्रिकेतला 'विषयाशी सुसंगती' हा रकाना खोडून तिथं लिहा, 'ही कथा वाचून मला काय नव्यानं विचारावंसं वाटलं?'

लिहिणाऱ्या मुलांना एवढंच सांगतो. आम्हाला काय आवडेल, याचा अंदाज बांधू नका. आमचं चुकतं. मी चुकलोय, ते आत्ताच सांगितलं. ज्याच्याकडं बघताना तुमची मान खाली जाते, त्याच्याबद्दल लिहा. गुण कमी पडले तरी कथा तुमची राहील.

चहा आला वाटतं. थांबतो.