चित्रकार व्हायचं, पण जगायचं कशावर?

दरवर्षी राज्यातली लाखो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 वाढीव गुण, बी मिळाली तर 5, सी मिळाली तर 3. गुण पदरात पडले की बहुतेकांची रंगपेटी माळ्यावर जाते. ज्या थोड्यांना चित्र सोडवत नाही, त्यांना घरात पहिला प्रश्न ऐकावा लागतो तो पोटापाण्याचा. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडच्या आधुनिक चित्रकलेची वाटचालही या प्रश्नाला तोंड देतच झाली. ज्यांच्यामागे पैसा नव्हता, घराणं नव्हतं, अशी माणसं चित्रकार झाली ती दोन गोष्टींच्या बळावर: हाताशी थोडा वेळ ठेवणारी उपजीविका आणि योग्य वेळी काम बघणारा जाणकार.

कृष्णाजी हौळाजी आरा यांचं उदाहरण सर्वांत ठसठशीत. हैदराबाद संस्थानातल्या बोलारमचा हा पोरका मुलगा मुंबईत आला, घरगडी म्हणून राबला, गाड्या धुतल्या आणि उरलेल्या वेळात रंगवत राहिला. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन आणि त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांनी त्याचं काम पाहिलं, त्याला उत्तेजन दिलं. 1942 मध्ये आरांचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं आणि 1947 मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांत होते. आरांची जिद्द मोठीच होती. पण ती पाहणारे दोन डोळे भेटले नसते, तर कदाचित आज आपल्याला त्यांचं नावही ठाऊक नसतं.

उपजीविकेची वाट काहींना छापखान्याने दिली. मडगावहून आलेल्या दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठं आणि कथाचित्रं यांवर आयुष्य उभं केलं आणि 1945 मध्ये ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. मराठी घरांत चित्र पोचलं ते बऱ्याच अंशी अशा दिवाळी अंकांमुळे. प्रभाकर बरवे 1961 मध्ये विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले, आधी वाराणसीत, मग मुंबईत. कापडाच्या नक्षीकामाने महिन्याचा पगार दिला आणि बाजाराला काय आवडेल याची चिंता न करता त्यांना आपली चित्रभाषा घडवता आली.

सुधीर पटवर्धन तर कलाशाळेत गेलेच नाहीत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि 1975 ते 2005 अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत राहिले. ‘इराणी रेस्टॉरंट’ हे 1977 मधलं चित्र, ‘लोअर परळ’ हे 2001 मधलं. दोन्ही चित्रं डॉक्टरी चालू असतानाच केलेली. दवाखाना त्यांच्या चित्राआड आला नाही. रोज समोर येणारी कामकरी माणसं, लोकलचे प्रवासी, बदलतं उपनगर यांतूनच त्यांना विषय मिळाले. ‘नोकरी सोडल्याशिवाय खरा कलावंत होता येत नाही’ हा समज पोसणाऱ्यांनी पटवर्धनांची चित्रं निवांत पाहावीत.

वारली चित्रकलेची गोष्ट वेगळी आणि अधिक बोचरी आहे. चित्रकार भास्कर कुलकर्णी 1970 च्या दशकात डहाणूच्या पाड्यांत पोचले, तिथल्या जिव्या सोमा मशे यांच्या हाताची ताकद त्यांनी ओळखली आणि भिंतीवरची रेषा कागदावर आली. मशेंना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2014 मध्ये वारलीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण उशांच्या अभ्र्यांवर, सोसायट्यांच्या कुंपणांवर वारली सर्रास दिसते आणि ती कोणी काढली हे तिथे लिहिलेलं नसतं. कलेला मागणी आली म्हणून कलावंताचं पोट भरतंच असं नाही.

आज चित्र काय आहे? शिकण्याची दारं पूर्वीपेक्षा जास्त उघडी आहेत. मोबाइलवर तंत्र शिकता येतं, काम जगाला दाखवता येतं. आधार मात्र झिजले आहेत. अनेक शाळांत कायम कलाशिक्षक नाही. एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका केलेले तरुण तासिकेच्या मानधनावर दिवस काढतात. दिवाळी अंकांची संख्या टिकून असली तरी चित्रकाराचं मानधन हिशेबात शेवटी येतं. 1952 पासून मुंबईत उभ्या असलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत दालन मिळवायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. वृत्तपत्रांतून कलासमीक्षेचा रकाना जवळजवळ गेला आहे, आणि हे नुकसान मला सर्वांत मोठं वाटतं. ‘लाइक’ कितीही मिळाले, तरी चित्र कुठे फसलं हे ते सांगत नाहीत.

म्हणून या वाटेवर निघणाऱ्याने आधी उपजीविका निवडावी ती पगार पाहून आणि वेळही पाहून. सकाळचे दोन तास मोकळे ठेवणारी साधी नोकरी, माणूस पिळून काढणाऱ्या ‘क्रिएटिव्ह’ नोकरीपेक्षा चित्रकाराला अधिक उपयोगी. आपल्या गल्लीतला, कारखान्यातला, शेतातला एकच विषय धरून वर्षभर स्केचिंग करावं. खरं बोलणारा एक जाणकार शोधावा आणि त्याच्यासमोर नियमाने काम मांडावं. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या आणि राज्य कला प्रदर्शनांना चित्रं पाठवावीत. मुंबईची वाट पाहत न बसता पुण्याच्या बालगंधर्व कलादालनात, कोल्हापूरच्या शाहू स्मारकात, तेही जमलं नाही तर गावच्या वाचनालयात भिंत मागावी. चित्राला किंमत लावावी आणि ती सांगताना अवघडू नये.

एवढं ज्याचं त्याने करायचं. बाकीचं समाजाने करायचं आहे: प्रत्येक शाळेत कायम कलाशिक्षक, प्रत्येक जिल्ह्याच्या गावी परवडणारं कलादालन, वृत्तपत्रात चित्रांसाठी जागा आणि मुखपृष्ठाला रास्त मोबदला. आरांना भेटले तसे डोळे नशिबाने भेटावेत यावर एखाद्या समाजाची कला उभी राहू शकत नाही. ते भेटण्याची सोय करून ठेवावी लागते.