मूळपुरुषाचा शोध

कुलवृत्तान्त हा वाङ्मयप्रकार मराठींत विसाव्या शतकांत चांगलाच फोफावला. घराण्यांतील कोणी वडीलधारे गृहस्थ नोकरींतून निवृत्त झाल्यावर गांवोगांवच्या आप्तांस पत्रें घालतात, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या चाळतात, एक भली मोठी वंशावळ घडी घालून पुस्तकाच्या शेवटीं लावतात, आणि कुळांतील मंडळी तो ग्रंथ आदरानें फडताळांत ठेवून देतात. या परिश्रमांविषयीं आम्हांसहि आदर आहे. परंतु असे ग्रंथ वाचीत असतां एक तक्रार मनांत वारंवार येते: त्यांत मूळपुरुष भेटत नाहीं. अमुक गांवाहून अमुक पुरुष आला व त्यानें येथें वस्ती केली, एवढें एक वाक्य. आणि लागलीच त्याच्या कर्तबगारीचें स्तोत्र. तो कां निघाला, बरोबर कोण होतें, तो आला तेव्हां येथें कोण रहात होतें, पहिलें पीक हातीं लागेपर्यंत त्यानें काय खाल्लें, यांपैकीं एकहि प्रश्न लेखकास पडलेला दिसत नाहीं.

ही खोड फार जुनी आहे. महिकावतीची बखर घ्या. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ती १९२४ सालीं प्रसिद्ध केली. आम्ही घाटकोपरकर ज्या साष्टी बेटावर नांदतों, त्याच्या आणि एकंदर उत्तर कोंकणाच्या वसाहतीची ती कथा असल्यानें आम्हांस ती घरची वाटते. शके १०६० मध्यें, म्हणजे इ. स. ११३८ त, प्रतापबिंब नांवाचा राजा या प्रांतीं आला आणि त्याच्या मागोमाग सहासष्ट कुळें येऊन वसलीं, असें बखर सांगते. आजहि अनेक ज्ञातींचे लोक आपला मूळपुरुष या सहासष्टांत शोधतात.

आतां हा सहासष्टांचा आंकडाच आमच्या डोळ्यांत भरतो. साष्टी हें नांव षट्षष्टीवरून आलें, म्हणजे सहासष्ट गांवांचें बेट. जितकीं गांवें तितकींच कुळें! इतिहास इतका हिशेबी क्वचित् असतो. आमचा संशय असा कीं, येथें गांवांच्या संख्येवरून कुळांची संख्या बेतलेली असावी. दुसरें असें कीं, परळ येथें सांपडलेला शके ११०८ चा शिलालेख अपरादित्य शिलाहाराचा असून, षट्षष्टींतील एका वाडीचें उत्पन्न देवास लावून दिल्याचें त्यांत नमूद आहे. बिंबाच्या आगमनानंतर अर्धशतक होत आलें, तरी येथील सारा दान करण्याचा अधिकार शिलाहारच चालवीत होते, असाच त्याचा अर्थ होतो. कान्हेरीच्या लेण्यांत तर नवव्या शतकांतले लेख आहेत. तेव्हां बिंबाची स्वारी खरी मानली तरी तो कांहीं निर्मनुष्य भूमीवर उतरला नव्हता. आधींच्या लोकांचें काय झालें, याविषयीं मात्र त्या कुळांच्या वंशजांस कुतूहल दिसत नाहीं.

मग ही बखर टाकून द्यावी काय? मुळींच नाहीं. तिचा अत्यंत जुना भाग केशवाचार्यानें इ. स. १४४८ त रचला, म्हणजे बिंबानंतर तीनशें दहा वर्षांनीं. त्या वेळीं येथें गुजरातच्या सुलतानांचा अंमल होता. मालाडच्या नायकोरावास देवीचा दृष्टान्त झाला, लोक जमले, आणि केशवाचार्यानें त्यांस त्यांच्या पूर्वजांची हकिकत सांगितली. आमच्या मतें बखरींतील सर्वांत विश्वसनीय गोष्ट ही आहे. राज्य गेलें, मानपान बुडाले, कोण कोणाचा हें लोक विसरूं लागले. अशा घटकेस त्यांस मूळपुरुषाची गरज भासली. ११३८ च्या बिंबाविषयीं ही बखर थोडें सांगते. १४४८ च्या मालाडकरांविषयीं पुष्कळ सांगते.

तुलनेसाठीं सातासमुद्रांपलीकडचें एक उदाहरण घेऊं. १६२० त ‘मेफ्लॉवर’ जहाजानें जीं एकशेंदोन माणसें अमेरिकेस गेलीं, त्यांत विल्यम ब्रॅडफर्ड हा होता. पुढें वसाहतीचा गव्हर्नर झाल्यावर त्यानें तिचा वृत्तान्त लिहिला, आणि तीस वर्षांनीं जहाजावरील माणसांची एक यादी तयार केली. या यादीत धन्याबरोबर त्याचे नोकरचाकरहि आहेत, आणि प्रत्येकाचें पुढें काय झालें तें लिहिलें आहे. पहिल्याच हिंवाळ्यांत जवळजवळ निम्मीं माणसें दगावलीं. तींहि गाळलेलीं नाहींत. ज्या ठिकाणीं त्यांनीं घरें बांधलीं तें पटक्सेट नांवाचें मूळ रहिवाशांचें गांव साथीनें ओस पडलेलें होतें, आणि त्याच गांवच्या टिस्क्वांटमनें या परक्यांस मका पेरावयास शिकविलें, हेंहि त्यानें नोंदविलें. पूर्वजांनीं काय खाल्लें, या आमच्या प्रश्नास येथें उत्तर मिळतें. तथापि ब्रॅडफर्डहि सर्वच सांगत नाहीं. त्याची पत्नी डॉरथी जहाजावरून पडून बुडाली. यादीत ती आल्यावर लवकरच वारली, एवढाच उल्लेख आहे. आणि त्याच्या वंशजांनीं पुढें त्याच पूर्वजांस देव्हाऱ्यांत बसविलें. त्या बाबतींत ते आमच्याहून वेगळे नाहींत.

मौन कोठें आहे तें पहावें, हाच टीकाकाराचा खरा धंदा. साष्टींतलें सर्वांत मोठें मौन १५३४ नंतरचें आहे. त्या वर्षीं वसईबरोबर हें बेट पोर्तुगीजांकडे गेलें, तें १७३७ त चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलें. त्या दोनशें वर्षांत गांवचे गांव ख्रिस्ती झाले. घरांत मराठी बोली राहिली, आडनांवें बदललीं. १८८७ पासून त्यांचा समाज ‘ईस्ट इंडियन’ हें नांव लावतो. एकाच पुरुषाचे नातू निरनिराळ्या देवळांत गेले, तरी क्षेत्रोपाध्यायांच्या वहीला चर्चमधील बाप्तिस्म्याची वही कधीं भेटत नाहीं. कन्यांची शाखाहि अशीच गळते, हें निराळें सांगावयास नको.

उत्तर कोंकणांतील एका घराण्याची हस्तलिखित वंशावळ आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस पहावयास दिली. मूळपुरुषापासून पांचव्या पिढींतील एका नांवाखालीं सुंदर अक्षरांत ‘निर्वंश’ असें लिहिलें आहे. समासांत दुसऱ्या कोणाच्या, बहुधा आजोबांच्या, वेड्यावांकड्या पेन्सिलीनें लिहिलेले तीन शब्द दिसतात: ‘धाकटी पाती किरिस्तांव’. ग्रंथ लवकरच छापावयाचा आहे. समासांतली ओळ घ्यावी कीं शाईंतली, याविषयीं घरांत दोन तट पडले आहेत. आमचें मत आम्हीं त्यांस पत्रानें कळविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.